झाकणावरचा हत्ती

३ मार्च
रोजनिशी सुरू. सांगते मी, लिहितात खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई. वाचणार कोणी नाही. मीसुद्धा नाही, कारण मला अक्षर येत नाही. याहून खासगी वस्तू या घरात सापडायची नाही. बाईंनी उभा जन्म साहेबांच्या थापा टाईप केल्या, त्यामुळे त्या मध्ये बोलत नाहीत.
विषय: टायवाला. रोज सकाळी टीव्हीवर येतो आणि कुठला शेअर चढणार, कुठला पडणार ते सांगतो. माझा मुलगा तोंडात ब्रश धरून त्याच्यापुढे उभा. बापापुढे कधी इतका वेळ उभा राहिला नव्हता.

४ मार्च
टायवाला म्हणाला, आज बाजार वर. बाजार खाली आला. संध्याकाळी तोच माणूस, तोच टाय, बाजार का पडला ते समजावत होता. म्हणे परदेशात तेल महागलं. मी मुलाला म्हटलं, सकाळी तेल झोपलं होतं का रे? तो म्हणाला, आई, तुला त्यातलं कळत नाही. मला कळत नाही एवढं मला तरी कळतं.

६ मार्च
तेल स्वस्त झालं. बाजार पुन्हा पडला. टायवाला म्हणतो, तेल स्वस्त झालं म्हणून पडला. सून उशिरा उठली की अशीच कारणं देते, पण ती निदान टाय लावत नाही.

७ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी उजवा, मग डावा, आणि उशीर नको म्हणाली. पैसे आहेत. फॅक्टरीच्या कँटीनमध्ये राबून बाजूला टाकलेले, बरोबर दोन डोळ्यांपुरते. तिने भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. म्हटलं, बाई गं, डोळे चांगले होते तेव्हाही तो वाचता येत नव्हता. मग चित्रांचा तक्ता काढला. मी छत्रीला बदक म्हटलं. चित्र वाईट काढलं होतं.

९ मार्च
टीव्हीवर हत्ती छाप कुकरची जाहिरात. सोंड वर केलेला हत्ती. अरे, हा तर आपल्या झाकणावरचा. झाकणावरची अक्षरं घासून घासून गेली, त्याने माझं काही अडलं नाही. हत्ती शाबूत आहे. सून या घरात यायच्या आधीपासून हा कुकर शिट्ट्या देतोय आणि रबराच्या रिंगेपलीकडे त्याने कधी काही मागितलं नाही. सुनेबद्दल असं म्हणता येणार नाही.
टायवाला कागद बघून सांगतो, मी भांडं वापरून सांगते. ज्याचा माल टिकतो त्याचा शेअर चढणार. यात शिकायचं आहे काय?

११ मार्च
टायवाला म्हणाला, हत्ती छाप विका. म्हणजे घ्यायलाच हवा. मुलाला म्हटलं, माझे डोळ्यांचे पैसे हत्तीत टाक. त्याने विचारलं, का? म्हटलं, टायवाल्याला कधी का विचारतोस? ऑपरेशनचं काय, म्हणाला. म्हटलं, डोळे कुठे पळून चाललेत? दुप्पट झाले की दोन्ही डोळे करून घेते आणि वर तुझ्या बायकोला फ्रीज. सून काहीतरी बोलणार होती. फ्रीजचं ऐकून थांबली.
पैसे माझे. त्याचं काही चाललं नाही.

१४ मार्च
हत्ती वर. हिरवा रंग मला लांबूनही दिसतो. टायवाल्याचा चेहरा उतरला असणार.
कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला म्हटलं, हत्ती घे, भलं होईल. तो म्हणाला, आजी, मी किटली छाप घेतलाय. आमच्या घरी त्यांचाच कुकर आहे, चांगला चालतो. म्हटलं, अरे, अशाने कोणी शेअर घेतं का? बिचारा.

१९ मार्च
हत्ती खाली. कोणा बड्या माणसाने विकले असतील. उद्या वर येईल.

२० मार्च
आला नाही. टायवाला याला करेक्शन म्हणतो. हा शब्द मला पूर्वी आवडत नव्हता. पण शब्दात तथ्य आहे. हे करेक्शनच आहे.

२६ मार्च
सून भांडी घासत होती. म्हणाली, आई, हे झाकण जरा उजेडात धरून बघा ना, हे मला काही— मी तिला तिथेच थांबवलं. कुकरातलं तू मला शिकवू नकोस, म्हटलं. हत्ती खाली, पण घरात मी वर.

२ एप्रिल
डॉक्टरणीकडून फोन, कधी येताय. कळवलं, मी लाँग टर्मचं बघते आहे.
बटाटे चिरताना बोट कापलं. सुरीला नको तितकी धार आहे.

९ एप्रिल
हत्ती आणखी खाली. कारणं उघड आहेत. उकाडा आहे, लोक बाहेर जेवतात, कुकर कोण घेणार? शिवाय पोलाद महागलं. शिवाय टायवाल्याने विका विका करून माणसं बिथरवली. हे सगळं मला आधीच ठाऊक होतं, फक्त बोलले नव्हते. इथे बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, लिहा.

१५ एप्रिल
जिन्यात पाय चुकला. शेवटची पायरी मला संपलेली दिसली, ती संपली नव्हती. गुडघा सुजला. मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता शेकत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, आई, विकू या. म्हटलं, थांब, आता इथून वरच जाणार. बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे वाक्य टायवाल्याचं आहे. त्याने माझं चोरलं असेल.

१६ एप्रिल
विकले. दोन डोळ्यांचे पैसे आत गेले होते, एका डोळ्याचे बाहेर आले. दुसऱ्याचं मी बघतो, म्हणाला मुलगा. म्हटलं, राहू दे. टीव्ही बघायला एकसुद्धा जास्त होतो.

२४ एप्रिल
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. पट्टी. डॉक्टरीण गोड आहे, हात हलका. तिला बाजाराबद्दल दोन गोष्टी सांगणार होते, पण तिने बोलू दिलं नाही.

२७ एप्रिल
पट्टी निघाली. आधी टायवाला बघितला. धूसर होता तेव्हा भारदस्त वाटायचा. अजून मिशी धड फुटलेली नाही. घाम पुसतो आणि समोर लिहिलेलं वाचतो. हत्ती का पडला ते सांगत होता: उकाडा, बाहेरचं जेवण, पोलाद. माझीच कारणं, शब्दाला शब्द. म्हणजे माझं चुकलं नव्हतं, फक्त पैसे गेले.
मग म्हणाला, किटली छाप दुप्पट झाला, कारण उघड आहे, माल टिकाऊ. मागच्या महिन्यात हाच त्याला विका म्हणत होता.
खाली इस्त्रीवाल्याकडे टेम्पोतून फ्रीज उतरत होता. विचारलं, का रे चढला तुझा शेअर? म्हणाला, आजी, मला काय माहीत? एवढा अडाणी माणूस मी बघितला नाही.

२८ एप्रिल
सकाळी स्वयंपाकघरात गेले. झाकण घेतलं, खिडकीशी नेलं. सोंड आहे. पण सोंडेतून वाफ निघते आहे. पाठीवर मूठ आहे. पाय नाहीत.
सून मागे उभी होती. तिने चहा ठेवला.
बाई, लिहा. उजवा डोळा अजून नवीन आहे, त्याला सराव नाही. तो मी हाताने झाकला आणि डाव्याने पुन्हा नीट बघितलं.
हत्ती आहे. सोंड वर केलेला.