नाळेवरची राख

सोलापूर, मार्च १९७८

आत्याबाई,

नमस्कार लिवायला हात धजत न्हाय.

मागल्या साली माझी लेक बाहेरच्या बाधेनं न्हाय, धनुर्वातानं गेली. आज नर्सबाईंनी सांगितलं. तुमी विळ्यानं नाळ कापून वर राख लावली. सातव्या दिवशी तिला दूध ओढता येईना, अंग ताठलं, आन् तुमी मलाच पांढऱ्या पायाची म्हणालात! मी पोटुशी असताना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला आलेल्या नर्सला दारातनं कुणी घालवलं हुतं?

आता पुन्यांदा दिवस गेलेत. दोन्ही इंजेक्शनं घेतली. बाळंतपण हितंच माहेरी, दवाखान्यात. तुमी येऊ नका.

पत्र टाकत न्हाय. तुमाला वाचता येत न्हाय, तिथं वाचून दाखवणार तुमचा ल्योकच. तुमी नर्सला घालवल्याचं त्यांना कळलं, तर तुमाला परत आई म्हणायचे न्हाईत.

तुमची सून,
मायाक्का