कोणतेही विमान जात नाही अशा वाटेचे नऊ तास

प्रति,
मा. माहिती अधिकारी,
प्रवासी माहिती विभाग,
विमानतळ कार्यालय.

विषय : दोन विमानतळांमधील अंतर व प्रवासकाल यांची नोंद दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : माझी पहिली तक्रार व त्यावर आपल्याकडून आलेले उत्तर.

महोदय,

१. मंगळवारी आईचा फोन आला होता. उशीच्या अभ्र्यांना बटणे लावू की नाड्या, एवढेच तिला विचारायचे होते. बटणे गालाला रुततात, असे मी म्हणाले. मग शेजारणीच्या कागाळ्या झाल्या आणि दूध उतू जाईल म्हणून तिने फोन ठेवला. बुधवारी सकाळी भावाचा फोन आला. आई झोपेतच गेली होती.

२. मिळाले ते तिकीट काढून मी निघाले. तीन विमाने, दोन थांबे, त्यांपैकी एके ठिकाणी रात्र बाकावर. शुक्रवारी दुपारी घरी पोचले तेव्हा आईची खाट भिंतीला उभी केलेली होती आणि भाड्याच्या खुर्च्या टेंपोत चढत होत्या. अंत्यविधी गुरुवारीच उरकला होता. मावशीने पाण्याचा पेला हातात दिला आणि सर्वांदेखत विचारले, “नऊ तासांच्या वाटेला तुला तिसरा दिवस उजाडला होय गं?”

३. हे नऊ तास आपल्या संकेतस्थळावरचे आहेत. मी नोकरी करते ते शहर व आपले शहर यांच्या विमानतळांमधील अंतर तेथे ७,६५० किलोमीटर आणि प्रवासकाल नऊ तास दिला आहे. भावाने ते पान जमलेल्या नातेवाइकांत फिरवले. “निघाली असती तर एव्हाना दारात असती,” असे तो म्हणाल्याचे मावशीकडून कळले.

४. आपण कळवता की, नकाशावरील सरळ अंतराला विमानाच्या सरासरी वेगाने भागून हा काळ काढला असून त्या रेषेवरून कोणतेही विमान जात नाही. उत्तर सभ्य आहे. परंतु ज्या वाटेने कोणी जातच नाही, तिला किती वेळ लागतो हे सांगण्याचे प्रयोजन कळले नाही. इतक्या अंतरात कावळासुद्धा कुठेतरी टेकेल. तरी ‘या मार्गावर थेट विमान नाही’ हे वाक्य त्या पानावर घालावे, आणि तसे पत्र शिक्क्यानिशी मावशीस पाठवावे, ही विनंती. नात्यागोत्यात मी आता आईसाठी न निघालेली मुलगी आहे.

५. येथवरचा मजकूर मी आज भावाला वाचून दाखवला. त्याला तो पटला. चूक त्यांच्या पानाचीच, असे म्हणून त्याने अर्जाची पोच घ्यायलाही सुचवले. महोदय, पहिल्या थांब्यावरून मी त्याला फोन केला होता. अजून दोन विमाने आहेत, हे सांगितले होते. “सावकाश ये, आम्ही थांबतो,” असे तोच म्हणाला होता. शुक्रवारी त्याला कामावर रुजू व्हायचे होते, हे नंतर वहिनीकडून समजले. घरात मी यातले अवाक्षर काढले नाही; आपल्याकडे तक्रार केली. आपल्या पानाची चूक आहे तेवढीच धरावी. आज वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून मी त्याला म्हणाले, “दादा, मी वाटेत आहे हे तुला माहीत होतं.”

दुरुस्तीची मागणी कायम ठेवून,

आपली नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : १४ मार्च
सोबत : बोर्डिंग पासच्या तीन छायाप्रती.