मिटायची राहिलेली नळी

३ फेब्रु., मंगळ.
नात झाली. महिनाभर आधीच. मृणाल बाळंतपणाला माहेरी, हडपसरला. विहीणबाईंनी फोनवर आधी नातीचं रडणं ऐकवलं, मग स्वतः बोलल्या. ते रडणं ऐकून मी मनात म्हटलं, उघडली फुप्फुसं. मेडिकल कॉलेजात आयुष्यभर हेच शिकवलं, सवय जात नाही. माझा निखिल बाप झाला. आज हे असायला हवे होते, आजोबा झाले असते.

५ फेब्रु., गुरु.
डॉ. म्हणाले, हृदयाजवळची नळी उघडीच आहे. पोटात असताना बाळाचा श्वास आईचा, नाळेतून येणारा. फुप्फुसं मिटलेली, म्हणून रक्त त्यांना वळसा घालून या आखूड नळीतून पुढे जातं. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत तिचं काम संपतं, ती मिटते. छकुलीची मिटायचं लक्षण नाही. आता रक्त उलटं फुप्फुसांत घुसतंय. वेळेआधी आलेल्या बाळांत होतं असं, वाट बघू, म्हणाले. हे मला ठाऊक नाही होय! घरी बिबवेवाडीला परत येताना मात्र रिक्षावाल्याला दोनदा चुकीचं वळण सांगितलं.

११ फेब्रु., बुध.
मृणालचं एकच, माझं काही चुकलं का? नाही गं. कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. तांबडं-निळं स्केचपेन हातात आलं आणि वर्ग आठवला. दर वर्षी पोरं नाळेतली शीर निळी रंगवायची. शिरेत अशुद्ध रक्त, हे डोक्यात पक्कं. मी विचारायची, "मग बाळाला शुद्ध रक्त काय पोस्टाने येतं?" वर्ग हसायचा. शेजारच्या वर्गातून हे यायचे, आवाज कमी करा सांगायला. पुढे पुढे आवाज नसला तरी यायचे. तसंच जमलं आमचं. पदरावर खडूची पूड, तशीच दोघं मंडईत भाजी घ्यायला. फार सुखाचे दिवस होते ते.

१३ फेब्रु., शुक्र.
छकुलीची नाळ पडली. विहीणबाईंच्या घरची रीत, नाळ मळ्यात पुरायची. मळा बिल्डरकडे गेला, विहिरीजवळचा तुकडा तेवढा राहिलाय. पण पुरायला तयार नाहीत. डबीत ठेवली आहे. म्हणाल्या, "भाईरची नाळ पडली, पर आतली नळी उघडीच हाय. दोन्हीचं झालं की पुरू. बारसं बी तवाच." निखिल चिडला, सगळ्यांना आमंत्रणं गेलेली. मी विहीणबाईंच्या बाजूने. नाळ आणि नळी एकाच जुन्या रस्त्याचे तुकडे, बाईंचं काय चुकलं?

२२ फेब्रु., रवि.
दूध पिताना दमते. कपाळाला घाम. २ मार्चला इको. नाही मिटली तर मांडीतल्या शिरेतून जाऊन बूच बसवायचं. हल्ली सर्रास करतात. माहीत आहे सगळं. तरी भीती वाटते.
निखिल झाला तेव्हा मीच त्याच्या छातीला स्टेथो लावला होता. बारीक घरघर, उघड्या नळीची असते तशी. यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला तर यांनी काढून घेतला, "आता मला ऐकू दे." बराच वेळ ऐकलं, मग म्हणाले, काल होती ती गेली. म्हणजे यांनीही चोरून…

२८ फेब्रु., शनि.
आजवर ऐकायचं टाळलं. आज स्टेथो घेऊन हडपसरला गेले. छकुली झोपलेली. घरघर नाही. जागा बदलून ऐकलं, नाहीच. आनंदाने ओरडणार होते, मग आठवलं, कान माझे आहेत. कुकरच्या शिट्टीचंसुद्धा हल्ली दुसऱ्यांनी सांगावं लागतं.
मृणालच्या कानाला लावला. तिने डोळे मिटले.
"आई, नुसतं धडधडतंय. आणखी काय ऐकू यायला हवं?"
"काही नको," म्हटलं.
परवा इको. मी निघाले तरी ती ऐकतच होती. स्टेथो तिथेच ठेवून आले.