नवरोजचा तेरावा

महरुख सूनबाई,

गाढ झोपली होतीस, उठवलं नाही. आज नवरोजचा, नव्या वर्षाचा तेरावा दिवस. आज जो घरात थांबतो त्याला वर्षभर पीडा, म्हणून बाळाला घेऊन आम्ही नदीकाठी चाललो.

किऊमर्स म्हणाला, "आई, हिलाही नेऊ ना!" म्हटलं, "मग माझ्या भाचीला काय गाडीच्या टपावर बसवू?" गाडी काढायला गेला.

भाचीच्या कुशीत बाळ कसं, बदामाच्या फांदीवर कळी जशी. तुझ्याकडे रात्रभर रडत होतं. डब्याचं दूध नेलंय. तुझी छाती दाटलीच, तर पिळून टाक.

ताटलीत तू रुजवलेले गहू आजच वाहत्या पाण्यात सोडायला हवेत. आम्ही नेले नाहीत. रुजवणाऱ्याची पीडा त्यांत उतरते; दुसऱ्याची पीडा कोण उचलणार? तुझे तूच सोड.

दाराला बाहेरून कुलूप आहे. किल्ली माझ्या कमरेला.

तुझी सासू