मिश्रीच्या डबीतली पिल्लं

पाली, ता. वेल्हे
१२ ऑगस्ट २०२५

चि. प्रेरणास आजीचे अ. आ. वि. वि.

विसरली असशील म्हणून सांगते, आजी अजून आहे. मोबाईलच्या रेंजला गड आडवा येतो ही तुझी सबब आता माझ्याइतकी म्हातारी झाली.

घेवड्याच्या वेलावरची पिल्लं मिश्रीच्या डबीत घालून कंडक्टरकडं दिलीत. नखाएवढी, बिनपंखाची. पानं कुरतडतात म्हणून तुझी आई, म्हणजे हे लिहिणारीच, औषध मारायचं म्हणतीय. तुझा आजा गेल्यापासनं मला झोप न्हाई. भादव्यात खिडकीशी वेलात ते हिरवं, पानासारखं दिसणारं किर्र करतं, तेवढ्यावर डोळा लागतो. ही त्याचीच पोरं असली तर मारू द्यायची न्हाईत. तू किडे शिकतीस, ओळखून कळव. लई दमले गं.

लोभ आहे तेवढाच ठेव, वाढीव मागत न्हाई.

आजी रतनबाई (अंगठा)

पुणे
१८ ऑगस्ट

ती. आजीस प्रेरणाचा सा. न.

आजी, पिल्लं तंबाखूनं मेली गं. सगळी काळी झाली, मिशा मोडल्या, आणि ओळख मिशांवरच असते. मिशा केसासारख्या, अंगाहून लांब असतील तर तुझं किर्र करणारंच. आखूड, जाड असतील तर साधा नाकतोडा. तुला मोतीबिंदूमुळं दिसायचं नाही, आईलाच बघू दे. वेल तिनं लावलाय, ठरवायचं तिनंच.

रागावू नकोस, आणि मिश्री कमी कर.

तुझी प्रेरणा

पाली
२६ ऑगस्ट

चि. प्रेरणास अ. आ.

जिला औषध मारायचं तिलाच पंच नेमलंस, शहाणी आहेस. तुझी आई पाठीवर पंप घेऊनच वेलाशी गेली. लई वेळ वाकून होती. मला नुसतं हिरवं धुकं दिसतं, आखूड म्हणाली असती तरी मी मान हलवली असती. आली आणि म्हणाली की लांब आहेत, अंगाच्या दुप्पट. पंप गोठ्यात टांगला. पानांची चाळण झाली तर कुरकुरायचं न्हाई, असं माझ्याकडनं कबूल करून घेतलं.

मला वाटायचं, मी जागी असते ते हिला ठाऊक न्हाई. ती म्हणाली, तुमी जागता तवा मी बी जागीच असते. हितं अक्षर वाकडं आलं असलं तर ती लिहिता लिहिता थांबली होती म्हणून.

आमच्या दोघींवर सारखाच जीव असू दे.

आजी (अंगठा)

ता. क. डबी धुऊन धाड. तुझ्या आईला आवडते ती खारी डबीत मावायची न्हाई, मोठा पुडा वेगळा बांध. माझ्यासाठी नको, मला दात न्हाईत. तिच्यातलीच चहात बुडवून खाईन.