उणे अठरात ठेवलेलं औषध

४ मार्च
जेवणाआधी १४२.
सिस्टर म्हणाल्या होत्या, वहीत फक्त साखरेचे आकडे लिही. पण रकान्यात मावत नाही, काय करू! सातवीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं आजच लिहितोय.
महिन्यापूर्वी मरायलाच टेकलो होतो. डायबेटीस — या वयात! डॉक्टर म्हणाले, तुझं शरीर इन्सुलिन बनवायचं थांबलंय, आता रोज बाहेरून टोचायचं. दिलं काय, तर टोचायच्या पेनात भरलेलं पाणी! त्या थेंबांनी मला खाटेवरून उठवलं. अजून टोचण्याआधी पेन उजेडाला धरून बघतो. आत काहीच दिसत नाही. नुसतं स्वच्छ.

७ मार्च
१३८.
विम्यावर महिन्याची पाच पेनं मिळाली. थंड जागी ठेवायची म्हणे. खोलीत आम्ही सहाजण, फ्रिज नाही. पण मी काम करतो कुठे? कोल्डस्टोरेजला! मासळीची खोकी, उणे अठरा. थंडीला काय तोटा! शेवटच्या मांडणीवर, खोक्यांमागे ठेवली. लागेल तसं एकेक काढायचं, काखेत ऊब द्यायची.
मुकादमाला सांगितलं नाही. आजारी माणूस नको म्हणेल. काम गेलं की कंपनीचा विमा गेला, विमा गेला की पेनं गेली. मग मीही.

९ मार्च
२६०. जेवण जास्त झालं असेल.

१० मार्च
३७०! टोचलं तरी हलत नाही.

१२ मार्च
काल साखर मोजायच्या मशीनवर आकडाच येईना, त्याच्या मापापलीकडे गेली. उलट्या. वरच्या खाटेवरच्या लंब्याने पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं. वाटेत शिव्या — "लेका, दिसतोस काडी, भरतोस पोतं!"
आज डोळे उघडले तर सिस्टर समोर. "पेनं ठेवतोस कुठे?" सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, थंड म्हणजे गोठवायचं नाही! एकदा गोठलं की ते मेलं."
मेलं! मी त्यांचं पेन आणि माझं पेन शेजारी धरलं. एक जिवंत, एक मेलेलं. दोन्ही सारखीच स्वच्छ. डोळ्यांना फरक कळेना, रक्ताला मात्र बरोबर कळला. केवढं हे!

१४ मार्च
दवाखान्यातून सुटलो. औषधांच्या खिडकीवर — "तुमची या महिन्याची नेलीत." खराब झाली हो! "मग कामाच्या जागेचं पत्र आणा, सही-शिक्क्याचं. विमावाले बघतील."
सिस्टरांनी त्यांच्याकडचं एक पेन हातात कोंबलं. "चार-पाच दिवस. तेवढ्यात पत्र आण."
म्हणजे मुकादमाला सांगायचं. नाहीतर पळायचं. पळण्यात मी पटाईत, तीन वर्षांत पाच कामं सोडली. पण हे अंगातच आहे, कुठे पळू?

१५ मार्च
सांगितलं.
"माझ्या गोदामात औषध? मासळीत?"
"हो."
"अक्कलही तिथेच ठेवलीस काय?"
मग त्याचा आवाज उतरला. "सुरुवातीला काय व्हायचं रे तुला?" तहान म्हटलं, सारखी लघवी, डोळ्यांपुढे धुकं. "पायाला मुंग्या?" मुंग्या नाही म्हटलं. "हं." सही केली. शिक्का असा हाणला की टेबलावरचा चहा सांडला.
"काढणार का मला, साहेब?"
"खोकी कोण उचलणार, तुझा काका? चल, नीघ!"

१८ मार्च
विमावाले हो म्हणाले! पाच पेनं, नवी. मुकादमाने ऑफिसच्या फ्रिजात एक कप्पा रिकामा करून दिला. वर दम — "बर्फाजवळ नको!"
सकाळी २९०, सिस्टरांचं पेन पुरवून पुरवून घेत होतो ना. नव्यातलं टोचलं. दुपारी १५१. मी काही केलं नाही, नुसती खोकी उचलत होतो. आत कोण एवढं राबत होतं?

२० मार्च
जेवणाच्या सुट्टीत मुकादमाने मला ऑफिसात बोलावलं, कडी लावली. खिशातून नवंकोरं मशीन काढलं, माझ्यासारखंच. बोट पुढे केलं. "टोच. घरी अजून माहीत नाही."
आकडा आला. चष्मा लावूनही त्याला वाचता येईना. मी वाचला.
४१२.