दहापैकी दोन

प्रिय खारूताई,

फोनवर जमेना म्हणून लिहायला बसलोय. या आठवड्यात तीनदा तुझा नंबर लावला आणि दर वेळी इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला. शेवटी तूच विचारलंस, बाबा, काही सांगायचं होतं का. मी म्हणालो, नाही गं, सहज.

गेल्या मंगळवारी तुझ्या डेंटल कॉलेजातल्या विभागप्रमुख मॅडमचा फोन आला होता. प्रत्येक कामानंतर तुम्ही मुलांनी आधी स्वतःच स्वतःला गुण द्यायचे आणि मग मॅडमनी द्यायचे, ही पद्धत तू मला केवढ्या कौतुकाने सांगितली होतीस. सुट्टीपर्यंत तुझे आणि त्यांचे गुण जवळजवळ जुळायचे. आता मॅडम आठ देतात, नऊ देतात, वर्गात सगळ्यात सुबक काम तुझंच म्हणतात, आणि तू स्वतःला दहापैकी दोन. शेऱ्याच्या रकान्यात दर वेळी एकच वाक्य: 'माझ्या हातून पेशंटला इजा होईल.' पंधरा दिवस तू पेशंट घेतलेला नाहीस आणि कॉलेज सोडण्याचा अर्ज मागितलायस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. घरी काही झालंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, छे, काही नाही.

पुढचं परवापर्यंत तुझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. माझा उजवा हात दीड वर्षापासून कापतोय. आधी शर्टाचं वरचं बटण लावताना जाणवलं, मग इंजेक्शन भरताना. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दुसऱ्या गावी जाऊन मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, यापुढे दातांचं ड्रिल हातात धरू नका. मी गोळ्या घेतल्या, कोपर टेकवून काम करायची सवय लावली आणि दवाखाना चालू ठेवला. तीस वर्षं लोक 'तुमचा हात हलका आहे, डॉक्टर' म्हणत आले होते. ते ऐकल्याशिवाय मला करमलं नसतं.

सुट्टीत तू आलीस तेव्हा दवाखान्यातल्या मदतनीस मावशी रजेवर होत्या, म्हणून तू मदतीला उभी राहिलीस. शाळेतल्या त्या बाईंची खालची अक्कलदाढ काढायची होती. एक्स-रेत ओठ-हनुवटीची नस दाढेपासून चांगली लांब दिसत होती. हाड कापताना ड्रिल आत घसरलं, बाई खुर्चीतून उसळल्या, आणि मग रक्त. मी कसंबसं उरकलं. त्यांना बाहेर बसवल्यावर हात धुता धुता मी तुला म्हणालो, सक्शनची नळी लावून रक्त वेळेवर ओढलं असतंस तर मला दिसलं असतं. तू ट्रे उचलून आत नेलास आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. केसपेपरवरही मी 'रक्तामुळे नीट दिसले नाही' असंच लिहिलं. बाईंना सांगितलं, चार-सहा आठवड्यांत संवेदना परत येईल. आठ महिने झाले. त्यांचा अर्धा ओठ आणि हनुवटी अजून बधिर आहे. वर्गात पाणी प्यायल्या की ते हनुवटीवरून ओघळतं, आणि मुलं हसली की त्यांना कळतं.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांचे यजमान उठून आत निघून गेले. बाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमची मुलगी मला दर महिन्याला फोन करते. कसं आहे विचारते, रडते, माफी मागते. मी तिला म्हणते, होतं बाळा, तू अजून शिकतेयस." खारू, म्हणून हे पत्र. सक्शन जागेवर होतं. मला सगळं लख्ख दिसत होतं. हात माझा उडाला. हेच मी सही करून बाईंना, मॅडमना आणि दंत परिषदेला कळवलंय, आणि सोमवारपासून दवाखान्याला कुलूप आहे. माफी मागायला मला तोंड नाही. इतक्यात घरी यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, आईला मी समजावीन. कॉलेज सोडायचंच असेल तर तेही सोड, पण या एका कारणासाठी सोडू नकोस. ते मी हात धुताना बनवलेलं होतं.

तू म्हणू दिलंस तर तुझाच,
बाबा